मत मागायला आलेल्याला आधी शाळेत न्या!

रस्ता, गटार, दिवे, सभामंडप… गावच्या निवडणुकीत आश्वासनांना तोटा नसतो. शाळा आणि ग्रामसभा या दोन गोष्टींसाठी कंबर कसणारा उमेदवार मात्र विरळाच. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला १९८९ साली असा एक तरुण मिळाला आणि गावाचं नशीब पालटलं. त्यानं नेमकं केलं काय? आणि त्यातून तुमच्या-आमच्या गावानं, वॉर्डानं काय घ्यावं?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावाचा रंगच बदलतो. एरवी पारावर पेंगणारी माणसं तरतरीत होतात. पॅनेलं पडतात. भाऊबंदकीची जुनी खाती उघडली जातात. पोटासाठी पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेल्या मतदारांना आणायला गाड्या सुटतात. रात्री ढाब्यांवर जेवणावळी झडतात. उमेदवाराच्या पत्रकावर वरती कुलदैवत, मध्ये नेत्यांचे फोटो आणि खाली विकासकामांची यादी! ही यादीही बहुतेक ठिकाणी सारखीच. सिमेंटचा रस्ता, गटार, पथदिवे, मंदिरापुढे सभामंडप आणि वेशीवर कमान. यात वाईट काहीच नाही. पावसाळ्यात चिखल तुडवणाऱ्यालाच रस्त्याची किंमत कळते. पण या यादीत एक गोष्ट बहुधा नसते. ती म्हणजे गावची शाळा.

असं का व्हावं? एक तर शाळेतल्या मुलांना मत नसतं. दुसरं, रस्ता सहा महिन्यांत दिसतो. शिकलेलं पोर दिसायला पंधरा वर्षं लागतात. सरपंचाची मुदत तर पाचच वर्षांची! तिसरं कारण जरा कडू आहे. गावात ज्यांच्या शब्दाला वजन असतं, त्यांची मुलं पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. मागे उरतात ती शेतमजुरांची, मेंढपाळांची, विधवांची, ऊसतोड कामगारांची लेकरं. त्यांच्यासाठी भांडायला वेळ कुणाला?

याचा परिणाम डोळ्यांपुढे आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या छोट्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभ्या करण्याचा विचार महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा राज्यात एकच गलका झाला. अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात असल्याचं तेव्हा समोर आलं. लहान शाळेत मुलांना सोबत मिळत नाही, शिक्षकही पुरत नाहीत, हे खरं. पण वस्तीवरची शाळा उठली, की सात-आठ वर्षांच्या मुलीला आईबाप चार किलोमीटरवर पाठवतील का, हा प्रश्न त्याहून खरा. शाळा बंद पडते तेव्हा नुसती एक इमारत बंद होत नाही. गावातली सगळ्यांच्या मालकीची एकमेव जागा बंद होते.

म्हणूनच हिवरे बाजारची गोष्ट पुन्हा एकदा नीट वाचायला हवी. पाण्याचं गाव म्हणून ते देशभर गाजलं. पण त्याची सुरुवात पाण्यानं झाली नव्हती. ती शाळेपासून झाली होती.

क्रिकेटच्या मैदानातून पंचायतीत

अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहरापासून सतराएक किलोमीटरवर हे गाव. पर्जन्यछायेतलं. सरासरी पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. कधीकाळी हे गाव पैलवानांसाठी ओळखलं जायचं. १९७२च्या दुष्काळानं त्याचं कंबरडं मोडलं. डोंगरावरची झाडं चुलीत गेली. उघड्या डोंगरांवरून पावसाबरोबर माती वाहून गेली आणि विहिरी पावसाळा सरताच तळ दाखवू लागल्या. हाताला काम नाही म्हणून माणसं शहरांकडे निघाली. उरलेल्यांतल्या अनेकांनी दारूच्या भट्ट्या लावल्या. एवढ्याशा गावात बावीस भट्ट्या होत्या म्हणतात! भांडणं, मारामाऱ्या, पोलिस केसेस रोजच्याच. सरकारी नोकराला इथली बदली म्हणजे शिक्षा वाटायची.

अशा गावात १९८९ मध्ये काही तरुण एकत्र आले. कुणातरी शिकलेल्या माणसानं सरपंच व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. गावात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला तरुण एकच. पोपटराव पवार. पुण्यात एम. कॉम. केलेले, क्रिकेटचं भारी वेड. घरच्यांची अपेक्षा चार घरांत असते तीच. पोरानं शहरात चांगली नोकरी धरावी, नाहीतर खेळात नाव काढावं. गावकीच्या राजकारणात पडावं, असं कोणत्या आईबापाला वाटेल? पण तरुणांनी आग्रह सोडला नाही. पोपटराव उभे राहिले आणि बिनविरोध सरपंच झाले.

इथवरची गोष्ट पुष्कळ गावांत घडते. शिकलेला सरपंच मिळतो, हारतुरे होतात आणि वर्षभरात सगळं पूर्वीच्याच वळणावर जातं. हिवरे बाजार वेगळं ठरलं ते पुढच्या पावलामुळे.

पहिलं काम शाळेचं

गावची शाळा तेव्हा चौथीपर्यंतच होती. इमारत मोडकळीला आलेली, शिकवणं नावापुरतं. पुढे शिकायचं तर गाव सोडायचं. मुलांनी कसंबसं सोडलं. मुलींचं शिक्षण तिथंच थांबलं. नव्या कारभाऱ्यांनी पहिला हात घातला तो इथं. शाळेसाठी आणि मैदानासाठी दोन कुटुंबांनी आपली पडीक जमीन दिली. लोकांनी श्रमदान करून खोल्या उभ्या केल्या. पुढे वर्ग वाढत वाढत दहावीपर्यंत पोहोचले.

आता कुणी म्हणेल, प्यायला पाणी नाही आणि शाळा कसली बांधता? हा प्रश्न तेव्हाही पडलाच असणार. पण नीट पाहिलं, तर या निवडीत मोठा शहाणपणा होता. ज्या गावात दोन गट एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, तिथं बंधारा कुणाच्या शेताजवळ बांधायचा यावरून डोकी फुटतात. चराईबंदी म्हटलं, की शेळ्या-मेंढ्यांवाले पेटून उठतात. शाळेचं तसं नाही. पाटलाचं पोर असो की मजुराचं, बाकावर शेजारी बसतं. शाळेसाठी घमेलं उचलताना कुणाला कमीपणा वाटत नाही. एकदा का माणसं एका कामावर घाम गाळून आली, की दुसऱ्या कामासाठी हाक मारता येते. हिवरे बाजारनं आधी शाळेच्या निमित्तानं एकी जमवली आणि मग त्या एकीच्या जोरावर पाणी अडवलं.

शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचं उदाहरण त्यांच्यापुढे होतंच. अण्णा हजारे यांच्या त्या गावानंही शाळेला मध्यवर्ती स्थान दिलं होतं. एवढंच नव्हे, इतरत्र नापास होऊन बाहेर पडलेल्या मुलांना प्रवेश देणारी शाळा म्हणून ती नावारूपाला आली.

पाण्याचाही जमाखर्च

शाळेनंतर गावानं डोंगराकडे मोर्चा वळवला. वनखात्याच्या सोबतीनं उजाड जमीन हिरवी करायचं ठरलं. रोजगार हमी योजनेतून उतारांवर समपातळी चर खणले गेले. १९९४ मध्ये गावाची राज्याच्या आदर्श गाव योजनेत निवड झाली आणि कामाला वेग आला. या योजनेची पंचसूत्री होती : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजनासाठी नसबंदी. हिवरे बाजारनं स्वतःचे आणखी नियम जोडले. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं लावायची नाहीत. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. दारूच्या भट्ट्या बंद झाल्या आणि त्यावर पोट असलेल्यांना दुसऱ्या धंद्यासाठी कर्ज मिळवून देण्यात आलं. नुसती बंदी घालून माणूस सुधारत नाही, त्याच्या चुलीचीही सोय लावावी लागते, हे गावाला उमगलं होतं.

चर खणल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यानं ओलिताखालचं क्षेत्र वीस हेक्टरवरून सत्तर हेक्टरवर गेलं. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं दूध काही वर्षांत हजारो लिटरवर पोहोचलं, कारण डोंगरावर चारा आला. शहरात गेलेली अनेक कुटुंबं घराची कुलपं उघडायला परतली.

या गावची सर्वांत मोठी गंमत मात्र पुढेच आहे. पाणी वाढलं म्हणून ते उधळलं नाही. पाऊस किती पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी पाहायची, माणसं-जनावरं यांच्या पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरेल त्यावर यंदा कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. गृहिणी महिन्याचा पगार हातात आल्यावर जसा वाण्याचा, दुधाचा, फीचा हिशेब मांडते, अगदी तसाच हा पाण्याचा ताळेबंद. शाळेतल्या मुलांनाही हा हिशेब शिकवला जातो. २०१२-१३च्या दुष्काळात आजूबाजूला टँकरच्या रांगा लागल्या असताना हिवरे बाजारला टँकर मागवावा लागला नाही, तो या ताळेबंदामुळे.

पोपटरावांना २०२० मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. पुढच्याच वर्षी, २०२१च्या जूनमध्ये कोरोनामुळे राज्यभरातल्या शाळांना कुलपं होती, तेव्हा गाव कोरोनामुक्त ठेवून शाळा सुरू केल्याबद्दल हिवरे बाजारचं नाव पुन्हा वर्तमानपत्रांत झळकलं. तीस वर्षांनंतरही गावाचा पहिला जीव शाळेतच होता!

नाण्याची दुसरी बाजू

आता थोडं खटकणारंही बोलू. एवढे नियम म्हणजे गरिबावर गावाची जबरदस्ती तर नव्हे? कुटुंब किती असावं हे गावानं का ठरवावं? लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी हवीच, असा दंडक कितपत योग्य? चराईबंदीचा पहिला फटका कुणाला बसतो? हे प्रश्न विचारले गेले आहेत आणि ते विचारायलाच हवेत. दिल्लीला कायदा करताना विरोधी पक्ष असतो. गावात बहुमताच्या विरोधात एकट्यादुकट्या बाईला हात वर करणं किती अवघड असतं, ते गावात राहिलेल्यालाच ठाऊक.

बिनविरोध निवडणुकीचंही तसंच. भांडण टळतं, खर्च वाचतो, म्हणून तिचं कौतुक होतं. पण ‘बिनविरोध’मध्ये कुणाचा तरी विरोध गिळला गेलेला नाही ना, हे पाहावं लागतं. हिवरे बाजारमध्ये तीस वर्षं मतदानाची वेळच आली नव्हती. २०२१च्या जानेवारीत ती आली. विरोधात उमेदवार उभे राहिले, लोकांनी रांगेत उभं राहून मतं दिली आणि पोपटरावांच्या पॅनेलनं सातच्या सात जागा जिंकल्या. काहींना या लढतीचं वाईट वाटलं. खरं तर ते त्या कामावरचं सर्वांत पक्कं शिक्कामोर्तब होतं. मत द्यायची संधी मिळाल्यावर दिलेली संमती ही मूक संमतीपेक्षा केव्हाही मोलाची.

चेन्नईजवळचा इंजिनीयर

हे फक्त महाराष्ट्रात घडतं, असं नाही. तामिळनाडूत चेन्नईच्या पश्चिमेला तिरुवल्लूर जिल्ह्यात कुतंबाक्कम नावाची पंचायत आहे. तिथल्या दलित कुटुंबात जन्मलेले इलंगो रंगस्वामी केमिकल इंजिनीयर झाले. सरकारी संशोधन संस्थेतली नोकरी सोडून ते गावी परतले आणि १९९६ मध्ये पंचायतीच्या अध्यक्षपदी निवडून आले. हातभट्टी, बेकारी आणि जातीची भिंत ही गावाची दुखणी त्यांना घरातूनच माहीत होती.

गावात घरकुलं बांधायची वेळ आली, तेव्हा जोडघरं उभी राहिली. एका भिंतीच्या अलीकडे दलित कुटुंब, पलीकडे दुसऱ्या जातीचं. अशी पन्नास जोडघरं! विकास म्हणजे छप्पर तर खरंच, पण शेजारही, हा त्यामागचा विचार. गटारं बांधताना त्यांनी ठरावीक साच्याऐवजी स्वस्तात मिळणारे ग्रॅनाइटचे टाकाऊ तुकडे वापरले. पैसे वाचले, पण नियम मोडला म्हणून त्यांना निलंबित करण्यात आलं. त्यांनी काय करावं? हिशेबाची कागदपत्रं घेऊन ते थेट ग्रामसभेपुढे गेले. लोक मोठ्या संख्येनं त्यांच्या मागे उभे राहिले आणि निलंबन मागे घेतलं गेलं. २००१ मध्ये गावानं त्यांना पुन्हा निवडून दिलं.

हिवरे बाजार आणि कुतंबाक्कम यांच्यात हजार किलोमीटरचं अंतर आहे. भाषा वेगळी, पाऊस वेगळा, जातींची गणितं वेगळी. पण दोन्हीकडच्या उमेदवारांनी एक गोष्ट सारखी केली. आपली कल्पना त्यांनी आपल्या खिशात ठेवली नाही. ती ग्रामसभेच्या हवाली केली. म्हणूनच ती टिकली.

कायदा तुमच्या बाजूनं आहे

‘शाळा जिल्हा परिषदेची, शिक्षक सरकारचे, मग आम्ही काय करणार?’ हे उत्तर उमेदवारांच्या तोंडी ठरलेलं असतं. शिक्षकांच्या नेमणुका पंचायतीच्या हातात नाहीत, हे खरं. पण बाकीचं खोटं!

१९९३ पासून लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत नोंदवले. त्यांत प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणही आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण निम्म्या बायका. शाळेचं काम पाहणं, सरकारी शाळेचा विकास आराखडा करणं, आलेल्या पैशांचा वापर कसा होतो ते तपासणं हे तिचे अधिकार. म्हणजे शेतावर राबणारी आईदेखील मुख्याध्यापकांना ‘सर, या पैशांचं काय झालं?’ असं विचारू शकते. तसा तिला कायद्यानं हक्क आहे.

पैशांचं म्हणाल, तर चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून केंद्राचा निधी मोठ्या प्रमाणावर थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला. त्यासाठी गावाचा विकास आराखडा करावा लागतो. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावानं तो ग्रामसभेत ठरवायचा असतो. शाळेचं पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, कुंपण, वाचनालय हे सगळं त्यात बसू शकतं. ज्या घरातलं कुणी ग्रामसभेला जात नाही, त्या घरासाठी मात्र आराखडा दुसराच कुणीतरी लिहितो.

शहरातल्या वाचकांनी ‘हे गावाकडचं’ म्हणून पान उलटू नये. महापालिकेच्या शाळा तुमच्याही वॉर्डात आहेत. मुंबई महापालिका तर आठ भाषांतून शाळा चालवते. तुमच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईंची मुलं, सोसायटीच्या वॉचमनची मुलं तिथंच शिकतात. नगरसेवक व्हायला निघालेल्या उमेदवाराला त्या शाळेचा पट किती, हे माहीत असायलाच हवं.

उमेदवाराला काय विचाराल?

महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर सरपंचाची निवड पुन्हा थेट मतदारांतून होऊ लागली. म्हणजे सदस्यांच्या फोडाफोडीत हरवणारा प्रश्न सरळ तुमच्या दारात आला. तेव्हा हात जोडून आलेल्या उमेदवाराला चहा जरूर द्या आणि सोबत हे प्रश्नही :

• आपल्या शाळेत किती मुलं आहेत? गेल्या पाच वर्षांत पट वाढला की घटला?

• मुलींसाठी पाणी असलेलं, दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह आहे का?

• शाळा व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली? तुम्ही तिथं कधी गेला होतात?

• चौथीनंतर, सातवीनंतर गावातल्या किती मुली घरी बसल्या?

• गावचा आराखडा ग्रामसभेत वाचून दाखवाल का? महिलांची सभा आधी घ्याल का?

• निवडून आल्यावर दर वर्षी खर्चाचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लावाल का?

उत्तरं लगेच मिळाली नाहीत, तरी हरकत नाही. ‘चला, आत्ताच शाळेत जाऊन पाहू,’ असं जो म्हणेल तो निम्मी परीक्षा पास झाला, असं समजा. जो हसून विषय बदलेल त्याचं काय करायचं, ते तुम्ही जाणताच.

उरलेली निम्मी परीक्षा उमेदवाराची नसते, आपली असते. हिवरे बाजारला पोपटराव मिळाले, हे त्या गावाचं भाग्य. पण त्यांना आग्रह करून उभं करणारे तरुण त्याच गावातले होते. शाळेला जमीन देणारी दोन कुटुंबं, घमेली उचलणारे हात, ऊस लावायचा मोह आवरणारे शेतकरीही तिथलेच. चांगल्या उमेदवाराची वाट सगळेच पाहतात. त्याच्या मागे दर ग्रामसभेला येऊन बसणारी माणसं कमी पडतात. मतदानाला जायला पाच वर्षांतून एक सकाळ लागते. गाव घडवायला वर्षाच्या चार-सहा ग्रामसभा. एवढा वेळ आपल्या लेकरांसाठी काढायला काय हरकत आहे?